आईच्या तोंडून

काम काय करतेस, असं कुणी विचारलं की मी "कौन्सिलमध्ये, हाउसिंगला" एवढंच सांगायची. गणपतीच्या हॉलवर, कुणाच्या वाढदिवसाला, तेवढ्यावर भागायचं. आमच्या ओळखीतले निम्मे लोक हॉस्पिटलातले डॉक्टर. त्यांच्या बायकांना वाटायचं, मी ऑफिसात बसून घरांच्या चाव्या वाटते. एकीने तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "एखादा स्वस्तातला फ्लॅट असेल तर सांग ना गं, घेऊन ठेवू, भाड्याने देऊ." मी कपाळाला हात लावला. खरं काम सांगितलं असतं तर तिथे कुणाला हातातला बटाटेवडा गिळवला नसता. आईबाप आपल्या पोरांना घराबाहेर काढतायत, हे त्यांच्या तोंडून ऐकून यायचं, हे माझं काम होतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. लीड्सपासून गाडीने थोड्याच अंतरावरचं आमचं गाव, एकेकाळी गिरण्यांचं. घरांच्या किमती नुसत्या वर चढत होत्या. टीव्ही लावला की कुणीतरी भिंत पाडून किचन मोठं करतंय, आणि मग ते घर विकून हसतंय. कौन्सिलची जी चांगली घरं होती, पुढे-मागे बाग असलेली, ती भाडेकरूंनी सवलतीत केव्हाच विकत घेतली होती. त्यांच्या जागी नवीन बांधायचं कुणी नाव काढत नव्हतं. राणीच्या राज्यात पैशाला काय तोटा होता? पण आमच्या वाट्याला उरले होते उंच टॉवर, ज्यांच्या लिफ्टला कायम ओल्या कुत्र्याचा वास यायचा. वेटिंग लिस्टवर नाव घातलं की माणूस म्हातारं होऊन जायचं, आणि हे मी काउंटरवर बसून लोकांना गोड आवाजात सांगायची.

एकच दार जरा किलकिलं होतं. कायदा म्हणायचा, पदरात मूल असलेली बाई बेघर झाली तर कौन्सिलने तिला छप्पर द्यायलाच हवं. आता बेघर कुणाला म्हणायचं? आईच्या सोफ्यावर पोराला कुशीत घेऊन झोपते ती बेघर नव्हे. तिला जागा कमी पडते, एवढंच. तिने लिस्टवर थांबायचं. पण तिची आई "नीघ इथून" म्हणाली, की त्या क्षणी ती बेघर. मधलं काही नाही. लोकांना हे कळायला कितीसा वेळ लागतो? आया भराभर "नीघ" म्हणायला लागल्या. मग आमच्या साहेबांनी नियम काढला की चिठ्ठी चालणार नाही, फोन चालणार नाही, घरी जायचं आणि आईच्या तोंडून ऐकायचं.

साहेब वाईट माणूस नव्हता हो. सगळ्यांच्या वाढदिवसाला स्वतः केक करून आणायचा. त्याच्या वरच्यांनी त्याला बजावलं होतं, बेघर लोक कमी झाले पाहिजेत. घरं वाढत नसतील तर बेघरच कमी करायचे, हिशेब सोपा. आई-लेकीचं मन वळवून मी लेकीला तिथेच राहायला लावलं, तर ऑफिसातल्या फळ्यावर माझ्या नावापुढे हिरवी खूण व्हायची. त्याला प्रिव्हेन्शन म्हणायचं.

तर मी जायची. इंग्लिश आया दारातच हातात चहाचा मग घेऊन सांगायच्या, "शीज गॉट टू गो, लव्ह." मागे लेक मान डोलवायची. नाटक आहे हे तिला ठाऊक, मला ठाऊक, सोफ्यावरच्या मांजरालाही ठाऊक. कधी मात्र नाटक नसायचं. एका बापाने माझ्यादेखत पोरीच्या पिशव्या जिन्यावरून खाली भिरकावल्या होत्या, त्यातून बाळाच्या दुधाची बाटली घरंगळत माझ्या पायाशी आली. पहिल्या वर्षी असं काही झालं की मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडायची. मग ते थांबलं. माझं मन घट्ट झालं असं ऑफिसातले लोक म्हणायचे. घट्ट कसलं? दात काढताना इंजेक्शन देतात ना, आणि अर्धा जबडा आपला नाहीच असं वाटतं, तसं होतं ते. घरी यायचं, कुकर लावायचा, बातम्या बघायच्या. नवरा विचारायचा, "कसा गेला दिवस?" मी म्हणायची, "बरा."

अशात एका हिवाळ्यात काउंटरवर एक मुलगी आली. अठ्ठाविशीची असेल. पफर जॅकेट, केस करकचून बांधलेले, बोलणं इथल्या मातीतलं, चहाच्या टपरीवरच्या बायकांसारखं ठसक्याचं यॉर्कशर. नवऱ्याला सोडून आलेली, सोबत पाच वर्षांची मुलगी, आणि सध्या मुक्काम आईच्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये. फ्लॅट एका बेडरूमचा. मी लिहीत होते तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. ब्रिस्टलला शिकणारी माझी लेक. "अगं कामात आहे, नंतर कर," म्हणून मी ठेवला. वर बघते तर काचेपलीकडे ही डोळे विस्फारून बसलेली.

"तुम्ही मराठी आहे?" ती म्हणाली. "माझा आई पण मराठी आहे!"

मी म्हटलं, "बाई गं! इथे, या गावात?"

मग तिने मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगितलं. वडील फाउंड्रीत होते, ते वारले. आईने आयुष्यभर बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग केलं. हॉलवरच्या गणपतीला ती माणसं कधी आली नव्हती. "ते डॉक्टर लोकांचा आहे ना," ती म्हणाली. मी तिला नियम समजावून सांगितला. तुझ्या आईने माझ्यासमोर म्हणायला हवं, की तू आणि तुझी मुलगी इथे राहू शकत नाही, निघायचं. नुसती जागा कमी आहे म्हणून भागायचं नाही.

"हो, मी सांगितली आहे आईला. आई बोलणार," ती म्हणाली. "त्या खोलीत मुलगी रात्री खूप कफ करते. भिंत सगळी ओला आहे. शी विल से इट, आय प्रॉमिस."

दोन-तीन दिवसांनी मी गेले. दार उघडलं ते साठी उलटलेल्या एका बाईने. सुती साडी, वर कार्डिगन, पायात नवऱ्याचे असावेत असे जाड मोजे. मी "नमस्कार मावशी" म्हटलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला एकदम संकोच वाटला. हात धरूनच आत नेलं तिने मला. "ये गं, ये. कुठली तू? ठाण्याची? आम्ही मिरजेकडचे. जेवलीस का? थांब, शिरा आहे कालच्या सत्यनारायणाचा." मी पायातले बूट काढेपर्यंत तिने हळदकुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला होता, तुझ्या हाताने लाव म्हणून. गरम पाण्याची टाकी असते त्या कपाटात तिने देव बसवले होते. "म्हटलं, देवांना तरी ऊब," म्हणाली आणि स्वतःच हसली.

खोलीत सोफा, त्याच्यावर घडी करून ठेवलेली पांघरुणं, हीटरसमोर वाळत घातलेले शाळेचे इवलेसे मोजे. खिडकीच्या कोपऱ्यातली भिंत काळी पडलेली. नात जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. आजी तिला "सोन्या, बाजूला हो, ताईला बसू दे" म्हणाली, तर पोर ढिम्म. लेकीने "मूव्ह, स्वीटहार्ट" म्हटल्यावर हलली. नातीला मराठी येत नव्हतं. आजीचं इंग्लिश कारखान्यातलं, हात-पाय मोडलेलं. दोघींचं आपसातलं सगळं बोलणं घास भरवण्यातून आणि केस विंचरण्यातून चालायचं.

मी शिरा खाल्ला. मग वही काढली. हा प्रश्न मी इंग्लिशमध्ये किती घरांत विचारला असेल, त्याला गणती नाही. मराठीत कधीच विचारला नव्हता. शेवटी कसंबसं म्हणाले, "मावशी, मला विचारावं लागतंय. तुम्ही हिला आणि नातीला घरातून जायला सांगताय का?"

लेक किचनच्या दारात उभी होती. तिने आईकडे बघून बारीक मान हलवली, म्हण म्हण म्हणून.

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "जायला सांगताय का म्हणजे?" त्या म्हणाल्या. "अगं, काय विचारतेस तू हे? माहेरी आलीय ती."

"आई," लेक म्हणाली.

"थांब गं तू. तिला मराठी कळतंय, तिला सगळं सांगू दे मला." आणि मग त्या सुटल्याच. त्यांचं लग्न होऊन त्या इकडे आल्या तेव्हा त्यांच्या आईने स्टेशनवर सांगितलं होतं, काही झालं तर परत ये, दार उघडं आहे. ते दार इतकं लांब होतं की त्यांना कधी जाता आलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा नाही. "म्हणून मी हिला सांगून ठेवलं होतं. काही झालं तर ये. आणि ती आली. आता मी तिला जा म्हणू? देवाच्या कपाटासमोर? तिचे वडील तिकडून फोटोतून बघतायत, त्यांच्यासमोर? इतकी का मी दगड आहे? राहू दे तिला. पाहिजे तितकं राहू दे. मी किचनमध्ये झोपेन."

"आई! वुई प्रॅक्टिस्ड धिस!" लेक ओरडली आणि किचनमध्ये जाऊन तिने नळ सोडला. रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून.

नातीने मान वर करून विचारलं, "व्हॉट्स आजी सेइंग?"

"नथिंग," किचनमधून उत्तर आलं.

मी त्यांना समजावलं. अगदी शांतपणे, जशी मी सगळ्यांना समजावते. मावशी, हे एक वाक्य तुम्ही म्हणालात, तर हिला कौन्सिलचं घर मिळेल. कोरडं. पोरीला वेगळी खोली. नाही म्हणालात तर ही लिस्टवर जाईल, आणि पोर शाळा संपवून कॉलेजला जाईल तरी नंबर लागायचा नाही. हे नुसतं म्हणायचं आहे.

"जागा नाही म्हणते ना मी. शंभर वेळा म्हणते. पोर खोकते म्हणते, भिंत दाखवते. ते खरं आहे. पण जा म्हणणार नाही. लेकीला जा म्हणालेली बाई मी नाही."

सगळा कायदा त्या दोन वाक्यांच्या मधे उभा होता, आणि मावशींनी अचूक चुकीचं वाक्य धरून ठेवलं होतं. मला चीड आली. त्यांची नव्हे. कुणाची ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. मी वही मिटली, काही न लिहिता, आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते, तोवर विचार करा.

साहेबाला सांगितलं तर तो खूश. "मम सेज शी कॅन स्टे? ब्रिलियंट!" हिरवी खूण करायला खडूपर्यंत हात गेला त्याचा. मी म्हटलं, थांब. पोर आजारी आहे, भिंतीतून पाणी गळतंय, आणि त्या बाईला आमच्यात असं बोलता येत नाही. "व्हॉट डू यू मीन, अमंग अस?" त्याने विचारलं. आता माहेर म्हणजे काय हे याला कोणत्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, आमच्याकडे लेक सासरहून आली की ती पाहुणी नसते आणि भाडेकरूही नसते. तिला जा म्हणणं हे आईने स्वतःचं नाव पुसण्यासारखं आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला की प्रत्येक समाजासाठी वेगळा नियम करायला गेलो तर मी मरेन. ते खोटं नव्हतं. मग तो म्हणाला, अजून एकदा जा. तेव्हाही नाही म्हणाली तर केस बंद.

त्या रात्री मी नवऱ्याला जेवताना सगळं सांगितलं. सहसा सांगत नसे. आमचं घर चार बेडरूमचं, लेक ब्रिस्टलला, माणसं दोन. तो म्हणाला, "तू एवढं डोक्याला लावून घेऊ नकोस." मी म्हटलं, "लावून नाही घेत, हाच तर त्रास आहे." त्याने माझ्याकडे बघितलं आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या भेटीच्या आदल्या दिवशी ऑफिसात फोन आला. मावशी. आवाज अगदी बारीक. "ताई, मी म्हणेन. पोरगी दोन दिवस जेवली नाही गं, माझ्याशी बोलली नाही. मी म्हणेन, पण मराठीत नाही म्हणणार. इंग्लिशमध्ये म्हटलं तर चालेल?"

"चालेल की," मी म्हटलं.

"हिने शिकवलंय मला. पाठ केलंय. बघ ना, इंग्लिशमध्ये काही वाटत नाही. कारखान्यात सुपरवायझर काय काय बोलायची, गेट आउट, गो होम, त्यातलं काही आपण घरी आणत नव्हतो. ते आपलं बोलणं नसतं. मराठीत तोंडातून गेलं की लागतं."

मला इतकं हायसं वाटलं. काय डोकं चालवलंय बाईने, असंच मनात आलं माझ्या. वाक्य म्हटलं जाईल, कायद्याचं पोट भरेल, आणि कुणाच्या जिवाला लागणार नाही. मावशींना तसं वाटलं, लेकीला वाटलं, मला वाटलं. तिघी आपापल्या परीने शहाण्या बायका.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा बाहेर पाऊस आणि बर्फ दोन्ही एकदम पडत होतं. शाळेला सुट्टी होती. या वेळी शिरा नव्हता. मावशींनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि त्या खुर्चीत पाठ ताठ करून बसल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या. देवांच्या कपाटाचं दार लावलेलं होतं. ऊब असलेली खोली ती एकच, म्हणून सगळे तिथेच. लेक सोफ्यावर. नात नेहमीसारखी जमिनीवर, रंग पसरून.

मी इंग्लिशमध्ये विचारलं, तुमच्या मुलीने आणि नातीने इथे राहिलेलं तुम्हाला चालेल का?

मावशींनी माझ्याकडे नाही बघितलं. समोरच्या भिंतीकडे बघून, एकेक शब्द ठेवत त्या म्हणाल्या, "नो. शी कॅनॉट स्टे. आय डोन्ट वॉन्ट देम हिअर. दे मस्ट गो."

एकही चूक नाही. लेकीने किती वेळा घोकून घेतलं असेल.

मला पुढचा प्रश्न विचारायचा होता. तो नियमातच होता. "व्हेन डू दे हॅव टू लीव्ह?"

याचं उत्तर काही पाठ केलेलं नसावं. मावशी गडबडल्या. कमी पडायला नको, केस हातची जायला नको, म्हणून त्यांनी आवाज चढवला आणि म्हणाल्या, "टुडे. टुडे ओन्ली. गो."

मी लिहिलं. लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, पण डोळे हसत होते. मावशींनी सुस्कारा सोडला आणि मराठीत विचारलं, "बरोबर बोलले ना गं?" मी म्हटलं, "अगदी बरोबर, मावशी. झालं काम." "हुश्श. थांब, चहा टाकते." त्या उठल्या. एवढं मोठं ओझं उतरल्यावर माणसाला कसं हलकं वाटतं, तशा उठल्या, आणि पॅसेजमध्ये जाऊन तिथेच थांबल्या.

नात दाराशी उभी होती. कोट घातला होता, बटणं वरखाली लागलेली. बूट उलटसुलट पायांत. रंगांची पिशवी छातीशी धरलेली. ती कधी उठून गेली ते आम्हा तिघींनाही कळलं नव्हतं. इंग्लिश आमच्यासाठी ऑफिसचं होतं, कारखान्याचं होतं. त्या पोरीची तर तीच भाषा होती. आजी आजवर तिच्याशी जे जे बोलली, त्यातलं पूर्ण वाक्य तिला पहिल्यांदा समजलं होतं, ते हे.

"मम्मी, कमॉन," ती म्हणाली. रडत नव्हती. "आजी सेड टुडे."

मावशी मटकन तिच्यासमोर बसल्या. "नाही गं सोन्या, नाही नाही, ते तसं नाही, तुझंच घर आहे हे, माझ्या राणी," असं काय काय बोलत त्यांनी तिचे गाल धरले. पोर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला त्यातलं काहीही कळत नव्हतं. मग मावशींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात वही होती. तेव्हा मला समजलं की त्या बोलता बोलता का थांबल्या. ते खोटं होतं, राहा, असं त्यांना इंग्लिशमध्ये म्हणायचं होतं. तेवढं इंग्लिश त्यांना येत होतं. पण ते माझ्यासमोर म्हटलं की केस गेली, खोली गेली, कोरडी भिंत गेली. लेक मागून दबक्या आवाजात म्हणत होती, "आई, डोन्ट. नॉट नाऊ. प्लीज."

मला तिथून निघायचं होतं, बस्स. मी वही पर्समध्ये कोंबली, म्हटलं, "मावशी, माझं झालंय, मी चालले, मला काही ऐकू येत नाही आता," आणि पाय अर्धवट बुटात घालून पोरीच्या बाजूने बाहेर पडले. लिफ्टची वाट न बघता जिना उतरले. गाडीत बसून इंजिन सुरू केलं, हीटर लावला. मनात काही म्हणजे काही नव्हतं. असंही होतं माणसाचं. मग ऑफिसला गेले आणि केस पुढे पाठवली.

केस पास झाली. मायलेकींना आधी काही आठवडे बी अँड बीमध्ये, म्हणजे कौन्सिलने घेतलेल्या स्वस्त लॉजच्या खोलीत, काढावे लागले, मग गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन बेडरूमचं घर मिळालं. कोरडं. मागे बागेचा एक तुकडाही होता. लेकीने मला थँक यू कार्ड पाठवलं. खोकला गेला, असं त्यात लिहिलं होतं. माझ्या त्या वर्षातल्या चांगल्या कामांपैकी ते एक. कुणीही विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, आणि त्यात काही खोटं नाही.

पुढच्या वर्षी कधीतरी मावशी मला भेटल्या. इंडियन ग्रोसरच्या दुकानात, कोथिंबीर निवडत होत्या. मी म्हटलं, "कशा आहात मावशी? नात काय म्हणते?"

"मोठी झाली. छान आहे," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी आणते तिला ही माझ्याकडे. मी काय काय करून ठेवते. शिरा आवडतो तिला."

"मग बरं आहे की."

मावशींनी कोथिंबिरीची जुडी उलटी करून देठं बघितली. "येते आणि दारात उभी राहते. ये म्हटल्याशिवाय आत पाय टाकत नाही. मी म्हणते, अगं, घर आहे तुझं. इंग्लिशमध्येसुद्धा सांगितलं. युवर हाउस, म्हटलं. चारदा सांगितलं. हसते. शहाणी आहे, उलटून बोलत नाही." त्यांनी जुडी परत ठेवली, दुसरी उचलली. "आत येते, खाते, थोडी खेळते. पण बूट काढत नाही. मी म्हणते, काढ गं सोन्या, टेक ऑफ शूज. तर मला कशी म्हणते, 'इट्स ओके, आजी. वुई आर गोइंग टुडे.'"